तोंडी परवानगी

लोकांना घाबरवणं हे माझं काम आहे. नेमणुकीच्या पत्रात त्याला 'सुरक्षा अधिकारी' म्हटलंय, पण कामाचं सार तेच. अमरावतीहून अकोल्याकडे निघालं की बडनेऱ्याच्या पुढे हायवेला लागून आमच्या कंपनीचा एक पंप आहे, आणि अकोल्याच्या पलीकडे दुसरा. पेट्रोल-डिझेलचे नाहीत हे पंप. इथे मोठ्या ट्रकांमध्ये द्रवरूप नैसर्गिक वायू भरतात. कोणी काय घालून उभं राहायचं, कोणती झडप आधी उघडायची, ड्रायव्हरने कुठे थांबायचं, चुकलं तर कोणतं बटण दाबायचं, हे सगळं दोन्हीकडे माझ्या सहीने चालतं. आई म्हणते, तुला लहानपणापासून दुसऱ्याच्या चुका काढायची हौस, आता त्याचा पगार मिळतो. आईने आयुष्यभर शाळेत शिकवलं, तेव्हा हे बोलणं तिला शोभत नाही. पण ते खोटंही नाही.

हा वायू उणे एकशे बासष्ट अंशांवर पाण्यासारखा होतो. नव्या माणसांना हा आकडा सांगून काही उपयोग नसतो. जिथे मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकतो तिथे उणे म्हणजे नुसती गंमत. म्हणून ट्रेनिंगच्या दिवशी मी बाजारातून एक वांगं घेऊन जायचे. थर्मासमधल्या द्रव नायट्रोजनमध्ये ते बुडवायचं, चिमट्याने काढायचं आणि फरशीवर आपटायचं. वांग्याच्या ठिकऱ्या उडायच्या. माणसं आधी हसायची. "याची भाजी होते का मॅडम?" असं कोणीतरी हमखास विचारायचं. मग मी म्हणायचे, हे तुमचं बोट आहे असं समजा. हसणं तिथे थांबायचं. त्यानंतर दोन फडकी, एक कोरडं आणि एक ओलं. दोन्ही बुडवून काढायची. कोरडं फडकं झटकलं की थोड्या वेळात मऊ पडायचं. ओलं फडकं पत्र्यासारखं ताठ व्हायचं, टेबलावर ठोकलं की वाजायचं. हा प्रयोग मी प्रत्येक तुकडीला स्वतःच्या हाताने करून दाखवत होते, हे इथे लिहून ठेवते.

भाऊ पहिल्या तुकडीत आले. सगळे त्यांना भाऊच म्हणायचे, म्हणून मीही. भातकुलीकडच्या एका गावातून मोटरसायकलवर यायचे. शेती घरचे बघायचे आणि ते बरीच वर्षं एका पेट्रोल पंपावर काम करून आलेले. चाळिशी ओलांडलेला, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. पेट्रोल पंपावरच्या माणसाला गळती नाकाने शोधायची सवय असते. पहिल्याच आठवड्यात गॅसचा डिटेक्टर वाजायला लागला, तर हे नाक वर करून मशीनभोवती फिरताहेत.

"वास तं नाइ येऊन राहिला मॅडम. डब्बाच बिघडला असन."

मी कंट्रोल रूममधून ओरडतच बाहेर आले. "भाऊ, या गॅसला वास नसतो! घरच्या सिलिंडरमध्ये वास मुद्दाम टाकलेला असतो, यात तो टाकता येत नाही. वास शोधत बसाल तर मराल, आणि कशाने मेलो तेही कळणार नाही."

सगळ्यांसमोर बोलले. माझी जीभ तशी आहे. एका जोडावर खरंच बारीक गळती सापडली. भाऊंनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून त्यांच्याइतका काटेकोर माणूस मला दोन्ही पंपांवर मिळाला नाही. ट्रकच्या चाकाला ठोकळा लावल्याशिवाय, अर्थिंगची क्लिप बसवल्याशिवाय ते पाइपला हात लावायचे नाहीत. एक बाहेरगावचा ड्रायव्हर केबिनमध्ये मोबाइल बघत बसून राहिला, उतरेना. भाऊ ट्रकसमोर हाताची घडी घालून उभे राहिले. "तू उतरशील तवाच भरीन. घाई तुले हाये, मले नाइ." मागे चार ट्रक हॉर्न देताहेत. भाऊ हलले नाहीत. शेवटी ड्रायव्हर शिव्या देत उतरला. मला इतका आनंद झाला की मी चहा मागवला.

आता कपड्यांचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. वायू भरणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट घालायचा, गुंड्या गळ्यापर्यंत लावायच्या. वरून चामड्याचा एप्रन. पॅंट बुटांच्या बाहेरून, म्हणजे सांडलेला द्रव बुटात शिरत नाही. हातमोजे सैल, म्हणजे आत थेंब गेला तर एका झटक्यात काढून फेकता येतात. तोंडासमोर पारदर्शक शील्ड. प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि प्रत्येक कारणामागे कुठेतरी कोणीतरी पोळलेलं आहे. मी हे नियम मनापासून मानते. पण ज्यांनी ते लिहिले त्यांनी वऱ्हाडातला मे बघितला नव्हता. पंपावर वर छत आहे, पण खालचं काँक्रीट तापलेलं, बाजूला ट्रकचं इंजिन तापलेलं, हायवेवरून येणारा वारा भट्टीच्या तोंडाचा. त्यात एवढं सगळं अंगावर घालून आठ तास.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटीच एक ऑपरेटर भरता भरता खाली बसला. बोलणं असंबद्ध, अंगाला घाम नाही. त्याला ऊन लागलं होतं. दवाखान्यात दोन दिवस काढून तो परत आला तो भीत भीतच. मी मुख्य कार्यालयाला फोन केला. तिकडचा साहेब शांत, एसीतल्या आवाजाचा माणूस. उन्हाबद्दल आपल्या मानकांमध्ये काही नाही, म्हणाला. मी म्हटलं, नाही म्हणूनच विचारते आहे. तो म्हणाला, भरपूर पाणी प्यायला सांगा. पुढच्या आठवड्यात मीठ-साखरेच्या पुड्यांचं एक खोकं आलं.

एक दिवस भर दुपारी भाऊ कंट्रोल रूमच्या दारात येऊन उभे राहिले. शील्ड वर केलेली, तोंड लालबुंद.

"मॅडम, मानेले दुपट्टा बांधू द्या ओला करून. येवढंच. बाकी सारं घालतो."

आमच्याकडे उन्हाळ्यात ओला दुपट्टा कोण बांधत नाही? शेतात, बाजारात, मोटरसायकलवर, सगळे. मी स्वतः स्कूटरवर तोंडाला ओला स्कार्फ गुंडाळूनच पंपावर यायचे. त्या क्षणी मला ना वांगं आठवलं ना फडकी. समोर एक माणूस भाजून निघतोय एवढंच दिसलं. आणि शील्ड आहेच की पुढे, असा विचार केला. तो विचार म्हणजे माझ्या सगळ्या शिक्षणाचा कचरा होता.

"बांधा," मी म्हणाले. "पण शील्डच्या आत, नीट खोचून. टोक लोंबायला नको."

रजिस्टरमध्ये मात्र लिहिलं नाही. रजिस्टरच्या रकान्यात नियमाचा क्रमांक टाकावा लागतो, आणि असा नियमच नव्हता. लिहिलं असतं तर कोणीतरी वाचलं असतं आणि मला थांबवलं असतं. तेव्हा हे सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. थोडंसं सुचलं होतं.

संध्याकाळपर्यंत तिघांच्या माना ओल्या होत्या. कंट्रोल रूमच्या भिंतीशी एक बादली आली, त्यात दुपट्टे बुडवून ठेवलेले. कामाचा वेग वाढला, चिडचिड कमी झाली. कोणीतरी कोणाला तरी सांगताना ऐकलं, "आपली मॅडम कडक हाये, पन माणूस हाये." मला ते फार आवडलं. इतकी वर्षं मी फक्त कडक होते. माणूस म्हणवून घ्यायची मला किती भूक लागली होती हे त्या दिवशी कळलं, आणि आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

तीन आठवडे काही झालं नाही. काही न होण्याचे दिवसच माणसाला बिघडवतात.

तो दिवस मी बडनेऱ्याकडच्या पंपावर होते. दुपारी तीनच्या पुढे एक कंटेनर आला. भाऊंनी ठोकळे लावले, ड्रायव्हरला उतरवलं, क्लिप बसवली, नोझलच्या तोंडावर कोरडी हवा मारली. सगळं क्रमाने. मी वीसेक पावलांवर आग विझवायच्या सिलिंडरांच्या तारखा तपासत होते. नोझलच्या तोंडाशी एक सील असतं, ते झिजलं होतं. नवं मागवायला मी दोनदा मेल केला होता आणि पुढच्या खेपेत पाठवतो असं उत्तर आलं होतं. त्या झिजलेल्या सीलमधून द्रव सुटला. कुकरची शिटी अर्ध्यात दाबावी तसा आवाज झाला आणि भाऊंच्या छातीपाशी पांढरं धुकं उठलं. फवारा खालून वर गेला, शील्डच्या खालच्या कडेतून आत.

उघड्या कोरड्या कातडीवर तेवढाच द्रव पडला असता तर त्यातला बराचसा लगेच उडून गेला असता. पोळलं असतं, फोड आले असते. पण तिथे दोन वेढ्यांचा ओला दुपट्टा होता. त्याने तो द्रव धरून ठेवला.

भाऊंनी काय केलं ते मला सांगायलाच पाहिजे. त्यांनी आधी लाल बटण दाबलं. मग ड्रायव्हरला हाताने लांब व्हायची खूण केली. मग वाऱ्याच्या उलट दिशेने, न पळता, मी शिकवलं होतं तसे बाहेर चालत आले आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. त्या माणसाने एकही नियम मोडला नाही. दुपट्टा पांढराफटक झाला होता आणि गळ्याभोवती फळीसारखा ताठ उभा होता.

गोठलेलं कापड ओढायचं नाही. कोमट पाणी सोडत राहायचं आणि आपोआप सुटेपर्यंत वाट बघायची. हे मी प्रत्येक तुकडीला तीन-तीनदा सांगते. परीक्षेत हा प्रश्न असतोच, आणि ज्याचा चुकतो त्याला मी पास करत नाही. मी त्यांची शील्ड काढून फेकली, दोन्ही हातांनी तो दुपट्टा धरला आणि ओढला.

"मॅडम, ओढू नका नं," भाऊ म्हणाले.

तोवर ओढून झालं होतं. दुपट्टा एकटा निघाला नाही.

दुसऱ्या ऑपरेटरने धावत जाऊन टाकीला पाइप लावला. पाणी कोमटच होतं. मे महिन्यात आमच्या टाकीत दुसरं पाणी नसतंच. मी ते त्यांच्या मानेवर सोडत राहिले, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. भाऊ डोळे मिटून बसले होते आणि मी तोंडाने "काही नाही, काही नाही" असं म्हणत होते. ड्रायव्हर लांब रस्त्याच्या कडेला उभा राहून रडत होता. मला रडू आलं नाही.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर दहा मिनिटांत साहेबांचा फोन आला. त्यांनी भाऊंची विचारपूस केली, खोटं कशाला बोलू. मग विचारलं, "गळ्यात कापड होतं म्हणे? कोणाच्या परवानगीने?"

एका शब्दाचं उत्तर होतं. मी म्हणाले, "चौकशी करून सांगते, सर."

तीन दिवसांनी मी अमरावतीच्या दवाखान्यात भाऊंना भेटायला गेले. मांडीची कातडी काढून मानेला लावायची ठरली होती. ते उताणे पडलेले, मान पट्ट्यांमध्ये आवळलेली. माझ्याकडे वळता येत नव्हतं, म्हणून छताकडे बघून बोलत होते. त्यांची बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. अंगाने बारीक, नजर सरळ.

"रिपोर्ट लिवला का मॅडम?"

"नाही अजून."

"मंग असं लिवा का म्या मनानंच बांधला होता दुपट्टा. कोनालेच न इचारता."

मी काही बोलायच्या आत त्यांची बायको पुढे आली. "काहून? मॅडमनंच सांगतलं होतं नं? तुमीच तं घरी येऊन सांगतलं. मॅडम लय चांगल्या हायेत म्हने, मानेले ओलं बांधू देतात म्हने."

"तू चूप राय," भाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. "मॅडमची नोकरी गेली तं थो दुसरा कोनी येईन, हापिसात बसून सही करनारा. त्या बाकीच्याइले मंग कोन पाहीन?"

"अन् तुमाले कोन पाहीन?" ती म्हणाली.

या प्रश्नाचं उत्तर भाऊंनी द्यायचं नव्हतं. ते मी द्यायचं होतं, आणि ते देण्याची तीच वेळ होती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "आधी बरे व्हा भाऊ, मग बघू." असं म्हणताना तिच्याकडे बघितलं नाही. मोसंब्यांची पिशवी स्टुलावर ठेवली आणि निघाले. जिना उतरताना मनातून सुटल्यासारखं झालं होतं. हे सुटल्यासारखं होणं मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही.

घरी आईने विचारलं, नक्की काय झालं गं पंपावर? मी म्हणाले, एका कामगाराने मनाने ओलं कापड बांधलं होतं. हे वाक्य मी आधी आईला सांगून पाहिलं. आईला पटलं. ती म्हणाली, बिचारा, त्याला काय माहीत. मग मी खोलीत जाऊन रिपोर्ट लिहिला.

रिपोर्टमध्ये मी सीलबद्दल लिहिलं, मेलच्या तारखांसकट. कापड मी ओढलं आणि त्याने जखम वाढली, हेही लिहिलं. कोणाला वाटेल, बघा, किती प्रामाणिक. ओढलं ते कॅमेऱ्यात होतं म्हणून लिहिलं. परवानगी तोंडी होती, ती कुठल्याच कॅमेऱ्यात नव्हती. तिथे मी लिहिलं, "संबंधित कर्मचाऱ्याने परवानगी न घेता मानेभोवती ओले कापड गुंडाळले होते." दुपट्टा बांधणाऱ्या बाकीच्या दोघांनाही विचारणा झाली. दवाखान्यात भेटायला गेल्यावर भाऊंनी शिकवलं तसंच त्यांनी सांगितलं. बादली कुठे गेली ते मी विचारलं नाही.

कंपनीने उपचारात हात आखडता घेतला नाही. पण मान आखडली ती आखडलीच. कातडी जुळून आली तशी हनुवटी खाली ओढली गेली, आणि डावीकडे बघायचं तर भाऊंना अख्खं अंग वळवावं लागतं. हेल्मेट बसत नाही, शील्डचा पट्टा घासतो. शेतातही वाकून वर बघायचं काम त्यांना जमत नाही असं ऐकलं. त्यांना नोकरीवर परत घेतलं नाही. पत्रात कारण दिलं होतं: सुरक्षा नियमाचा भंग. त्या पत्राला आधार म्हणून माझ्या रिपोर्टमधलं ते एकच वाक्य अवतरणात घेतलं होतं. सील दोन दिवसांत बदललं गेलं आणि त्याचा उल्लेख पुढे कुठे आला नाही.

खरं काय ते सांगणारं पत्र मी दोनदा लिहिलं. लॅपटॉपमध्ये दोन्ही आहेत. पहिलं पाठवलं नाही कारण भीती वाटली. दुसरं लिहिलं तोवर कंपनीने माणुसकी म्हणून भाऊंच्या बायकोला काम द्यायचं ठरवलं होतं, ट्रेनिंग पास झाली तर. आता मी तोंड उघडलं तर भाऊ खोटं बोलले असं ठरणार आणि तिचं काम जाणार. हे कारण खरं आहे. ते सोयीचंही आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, आणि तेव्हा माणसाला रात्री शांत झोप लागते, याचीच मला सगळ्यात लाज वाटते.

ओला दुपट्टा आता सक्त मना आहे. तशी पाटी लागली आहे, खाली माझी सही. उन्हासाठी मीठ-साखरेच्या पुड्या येतात. मागच्या मे महिन्यात आणखी एकाला चक्कर आली. त्याने मला काही मागितलं नाही. आता कोणी काही मागत नाही.

नव्या तुकडीचं ट्रेनिंग अकोल्याच्या पंपावर झालं. हॉलमध्ये बाराएक जण, त्यात तीन बायका. भाऊंची बायको दुसऱ्या रांगेत, कोऱ्या वहीवर पेन ठेवून बसलेली. मी वांगं आपटलं. हसले सगळे, तीही हसली. फडक्यांचा प्रयोग मी त्या दिवशी केला नाही. थर्मासमधलं संपलं, असं सांगितलं.

मुख्य कार्यालयाने आता ट्रेनिंगमध्ये आपल्याकडच्या अपघाताची माहिती घातली आहे. पडद्यावर एक चित्र, माणसाच्या मानेवर लाल बाण, आणि खाली तीन ओळी. गाव नाही, नाव नाही, नुसतं 'एक कामगार'. कारणाच्या पुढे माझं वाक्य, थोडं सोपं केलेलं. ते मला मोठ्याने वाचून समजावून सांगायचं होतं. मी वाचलं. माझा आवाज नेहमीसारखाच खणखणीत आला, याचं मलाच नवल वाटलं. बाकीचे पडद्याकडे बघत होते. ती वहीत उतरवून घेत होती. मी क्षणभर थांबले, तिने हात वर करावा म्हणून. तिने हात वर केला असता तर मी सगळं सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण आपण कोणाच्या हात वर करण्यावर आपलं खरेपण टांगून ठेवतो तेव्हा ते खरेपण नसतंच. तिने लिहून संपवलं आणि पान उलटलं.

शेवटी लेखी परीक्षा. पेपर मुख्य कार्यालयातून येतो, तपासायचा मी, आणि निकाल तिथल्या तिथे द्यायचा. एकेक जण टेबलाशी येऊन उभा राहत होता. तिची पाळी आली. अक्षर नेटकं, बारावीपर्यंत शिकलेल्या, वर्गात शहाण्या गणल्या गेलेल्या मुलीचं. झडपांचा क्रम बरोबर. कपडे बरोबर. गोठलेले कापड ओढावे का? 'नाही. कोमट पाणी टाकावे.' मी बरोबरची खूण केली.

शेवटचा प्रश्न होता: अभ्यासलेल्या अपघाताचे मुख्य कारण काय?

तिने आधी 'यांनी' असं लिहिलं होतं. मग ते एका रेघेने खोडून वर 'कामगाराने' लिहिलं होतं. 'कामगाराने परवानगी न घेता मानेला ओले कापड बांधले. ही कामगाराची चूक आहे.'

मी पेन हातात धरून बसले. ती टेबलाच्या पलीकडे उभी होती, पदर खांद्यावरून घट्ट घेऊन, आणि या वेळी मी वर बघितलं. तिची नजर तशीच सरळ होती.

"बरोबर हाये नं मॅडम?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि तिला पूर्ण गुण दिले.